स्वतंत्र डेझरेट कागदावर उभं करताना: आधी पाणी आणि वाट, झेंडा सर्वांत शेवटी

मॉर्मन, म्हणजे जोसेफ स्मिथ यांनी अमेरिकेत स्थापलेल्या ख्रिस्ती पंथाचे लोक. त्यांनी रॉकी पर्वतापलीकडे, आजच्या यूटाच्या आसपास, स्वतःचा स्वतंत्र देश उभारला असता तर? डेझरेट हे त्यांनीच आपल्या राज्यासाठी निवडलेलं नाव. पर्यायी इतिहास लिहू पाहणाऱ्यांना हा विषय फार खुणावतो आणि बहुतेकांचं लिखाण एकाच जागी अडकतं. आधी नकाशा रंगवला जातो, मग झेंडा, मग १८५७ ची, म्हणजे अमेरिकी सैन्य यूटावर चालून आलं त्या वर्षाची, एखादी जंगी लढाई. त्या देशातली माणसं खातात काय, त्यांना बंदुकीसाठी शिसं कुठून मिळतं, नवी माणसं कोणत्या बंदरात उतरतात, याची उत्तरं शेवटपर्यंत सापडत नाहीत. मेहनत कमी पडते असं नाही, क्रम उलटा होतो. म्हणून खालचे टप्पे ओळीनेच घ्या. प्रत्येक टप्प्यात जे हाती येईल ते पुढच्या टप्प्यात लागणार आहे.

## टप्पा १: खरा इतिहास तारीखवार मांडून घ्या

वहीत किंवा संगणकावरच्या तक्त्यात तीन रकाने करा: तारीख, घटना, आणि ती घटना कशामुळे शक्य झाली. तिसरा रकाना लोक भरत नाहीत आणि पुढे त्याच्याच अभावी घसरतात.

किमान एवढ्या नोंदी हव्यातच. ऑक्टोबर १८३८ मध्ये मिसुरीच्या गव्हर्नरने मॉर्मनांना राज्यातून हाकलण्याचा किंवा संपवण्याचा हुकूम काढला. इलिनॉयमधलं नॉव्हू हे त्यांचं पुढचं शहर. मार्च १८४४ मध्ये जोसेफ स्मिथ यांनी पन्नासांची परिषद (भावी राज्यकारभाराचा विचार करणारं मंडळ) स्थापली आणि २७ जून १८४४ रोजी कार्थेजच्या तुरुंगात जमावाने त्यांना ठार केलं. ४ फेब्रुवारी १८४६ रोजी नॉव्हू सोडायला सुरुवात झाली आणि त्याच दिवशी सॅम्युअल ब्रॅनन या मॉर्मन पुढाऱ्याची ‘ब्रुकलिन’ ही बोट न्यूयॉर्कहून कॅलिफोर्नियाकडे निघाली. जुलै १८४६ मध्ये सुमारे पाचशे मॉर्मन पुरुष अमेरिकी सैन्याच्या मॉर्मन बटालियनमध्ये भरती झाले. २४ जुलै १८४७ रोजी स्मिथ यांच्यानंतरचे नेते ब्रिगहॅम यंग सॉल्ट लेकच्या खोऱ्यात पोहोचले. ते खोरं त्या दिवशी कागदोपत्री मेक्सिकोचं होतं. फेब्रुवारी १८४८ च्या ग्वादालुपे हिदाल्गो तहाने ते अमेरिकेकडे गेलं.

तिसऱ्या रकान्याचं उदाहरण म्हणून बटालियन घ्या. तिच्या सैनिकांना गणवेशासाठी मिळालेल्या भत्त्याचा मोठा भाग स्थलांतराच्या खर्चाला गेला. तुमच्या कथेत मेक्सिकोशी युद्ध होणार नसेल, तर बटालियन नाही आणि हे पैसेही नाहीत. मग १८४७ चं धान्य आणि बैल कोणाच्या पैशावर आले, हे तुम्हालाच सांगावं लागेल.

सावधान: १८४९ मध्ये मॉर्मनांनी जे ‘स्टेट ऑफ डेझरेट’ मांडलं, ते अमेरिकेच्या संघात घटकराज्य म्हणून सामील होण्यासाठी. स्वतंत्र राष्ट्राची ती घोषणा नव्हती. त्यानंतरही त्यांनी घटकराज्याचा दर्जा पुन्हा पुन्हा मागितला आणि यूटाला तो मिळाला ४ जानेवारी १८९६ रोजी. म्हणजे ‘त्यांना स्वातंत्र्यच हवं होतं, अमेरिकेने ते हिरावलं’ हे गृहीतक तुम्हाला फुकट वापरता येत नाही. संघात येण्याची इच्छा कधी आणि का मेली, हे तुमच्या कथेने घडवून दाखवायचं आहे.

## टप्पा २: फाटा एकच निवडा

इतिहास जिथून वेगळा वळतो त्या जागेला इथे फाटा म्हणू. फाटा एकच, लहान आणि १८५० च्या आधीचा असावा. ९ सप्टेंबर १८५० रोजी यूटा टेरिटरी (घटकराज्य न झालेला, केंद्राच्या अखत्यारीतला प्रदेश) आणि कॅलिफोर्निया राज्य एकाच दिवशी अस्तित्वात आले. त्यानंतर स्वतंत्र डेझरेट उभारायचं म्हणजे अमेरिकेच्या ताब्यातली जमीन तिच्याकडून हिसकावणं, आणि ते काम कितीतरी अवघड. १८५७ पासून सुरुवात करणाऱ्यांची दमछाक होते ती याचमुळे.

माझ्या मते सर्वांत बळकट फाटा १८४४ च्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत आहे. जेम्स पोक यांनी न्यूयॉर्क राज्य सुमारे पाच हजार मतांनी जिंकलं आणि त्या एका राज्यावर सगळी निवडणूक फिरली. तीच मतं त्यांचे प्रतिस्पर्धी हेन्री क्ले यांच्याकडे गेली असती, तर टेक्सास घाईने सामील करून घेण्याचा आणि मेक्सिकोशी युद्धाचा रेटा बराच मंदावला असता. सॉल्ट लेकचं खोरं मेक्सिकोच्या नावावर राहतं, पण मेक्सिकोचं सरकार तिथे प्रत्यक्षात पोहोचत नाही. स्वतंत्र राज्य रुजायला अशीच पोकळी लागते.

दुसरा फाटा माणसांच्या निर्णयाचा आहे. जून १८४७ च्या अखेरीस ब्रॅनन कॅलिफोर्नियाहून उलट दिशेने येऊन ग्रीन नदीपाशी यंग यांना भेटले आणि सगळ्यांनी समुद्रकाठी चलावं असा आग्रह त्यांनी धरला. यंग यांनी नकार दिला. ते हो म्हणाले असते, तर काही महिन्यांत सापडणाऱ्या सोन्याच्या दारातच मॉर्मन वस्ती बसली असती. फाटा नाट्यपूर्ण आहे, पण तिथून निघणारं राज्य डेझरेटपेक्षा अगदी वेगळं होईल.

तिसरा टेक्सासचा. १८४४ च्या वसंतात जोसेफ स्मिथ यांचा माणूस टेक्सास प्रजासत्ताकाच्या सॅम ह्यूस्टन यांच्याशी जमिनीबद्दल बोलणी करायला गेला होता. इथे एक वेगळीच गाठ आहे: क्ले जिंकले तर टेक्सास स्वतंत्र राहतं आणि हा पर्यायही जिवंत होतो. पहिला फाटा घेतलात, तर तुमचे मॉर्मन टेक्सासला का गेले नाहीत याचं कारण द्यावं लागेल.

जोसेफ स्मिथ कार्थेजमधून वाचले, हा सर्वांना आवडणारा फाटा मी टाळायला सांगेन. ते जिवंत राहिले तर निर्णय कोण घेतं, कुठे जायचं, जायचं तरी का, सगळंच बदलतं, आणि तुमच्या हातात खऱ्या इतिहासाचा आधार जवळजवळ उरत नाही.

तपासणी: फाटा एका वाक्यात लिहा. वाक्यात ‘आणि’ आला तर तुम्ही दोन फाटे घेतले आहेत. एक काढा.

## टप्पा ३: सोन्याचा प्रश्न इथेच सोडवा

हा टप्पा स्वतंत्र ठेवला आहे, कारण सर्वाधिक कथा याच ठिकाणी फुटतात.

२४ जानेवारी १८४८ रोजी कॅलिफोर्नियात सटर यांच्या लाकूड कापायच्या गिरणीच्या पाटात सोनं सापडलं. तिथे काम करणाऱ्यांत बटालियनमधून मोकळे झालेले मॉर्मन होते आणि त्यांच्यापैकी हेन्री बिगलर यांच्या रोजनिशीमुळेच ही तारीख पक्की कळते. पुढे काय झालं ते जनगणनेत दिसतं. १८५० मध्ये कॅलिफोर्नियात ९२,५९७ लोक, १८६० मध्ये ३,७९,९९४. यूटात त्याच दोन वर्षी ११,३८० आणि ४०,२७३. सोनं सापडलं की पश्चिमेकडूनही अमेरिकी माणसांचा वेढा पडतो.

म्हणून लेखक सोन्याचा शोध वीस वर्षं पुढे ढकलतात आणि निश्चिंत होतात. दुसरी बाजू त्यांच्या लक्षात येत नाही. १८४९ आणि १८५० मध्ये सॉल्ट लेक सिटी सावरली ती सोन्यामागे धावणाऱ्यांच्या व्यापारामुळे. थकलेले बैल आणि जड सामान स्वस्तात टाकून ते ताजी जनावरं आणि धान्य महागात घेत. डेझरेटची पहिली सोन्याची नाणी कॅलिफोर्नियाच्याच सोन्याची होती. सोनं गेलं तर हा पैसा, ही लोखंडी अवजारं, ही नाणीही गेली.

तुमच्यापुढे दोनच रस्ते आहेत. सोनं ठेवा, पैसा मिळवा आणि दहा वर्षांत पडणाऱ्या वेढ्याची तयारी कथेत दाखवा. किंवा शोध लांबवा आणि गरीब, अवजारांना मोताद, पण एकांतातलं डेझरेट लिहा. दोन्ही फायदे एकदम घेऊ नका. माझा कल दुसऱ्याकडे आहे. गरिबीतलं डेझरेट लिहायला कठीण, पण वाचणाऱ्याला पटतं.

## टप्पा ४: पाणी आणि धान्याचा हिशेब

सॉल्ट लेकचं खोरं समुद्रसपाटीपासून तेराशे मीटरच्या आसपास आहे. वर्षभरात पाऊस आणि बर्फ मिळून साधारण चारशे मिलिमीटर पाणी, आणि त्यातला फार थोडा भाग उन्हाळ्यात. शेती डोंगरातून वितळून येणाऱ्या बर्फाच्या ओढ्यांवर होते. पहिली तुकडी आली, तेव्हा यंग यांच्या आगमनाच्या आदल्या दिवशीच लोकांनी ओढा अडवून जमीन भिजवली आणि नांगर धरला.

पाणी सामाईक होतं. कुणाला किती पाळी मिळणार, हे वस्तीचे बिशप (मॉर्मन चर्चचे स्थानिक प्रमुख) आणि पुढे काउंटीची न्यायालयं ठरवत. धुळे-नाशिककडची फड पद्धत ज्यांना ठाऊक आहे, त्यांना हे चटकन कळेल: बंधारा गावाचा, पाटाची साफसफाई सर्वांची, पाळी ठरलेली. तुमच्या डेझरेटमधली सत्ता पहिल्यांदा इथे दिसली पाहिजे. पाटाचं पाणी ज्याच्या हातात, तोच तिथला खरा सत्ताधीश.

आता गणित. माणशी वर्षाला दोन क्विंटल धान्य धरा. चाळीस हजार लोकांना ऐंशी हजार क्विंटल, वर बियाणं आणि जनावरांचा चारा. त्यात आपत्तीची वर्षं मिळवा. १८४८ मध्ये कडाक्याची थंडी आणि मोठ्या किड्यांचे थवे आले, १८५५ मध्ये टोळ आणि दुष्काळ, आणि पाठोपाठ भुकेचा हिवाळा. निसर्ग तुमच्या फाट्यामुळे बदलत नाही. ही वर्षं कथेत त्याच तारखांना येऊ द्या.

लोखंड आणि शिसं या हिशेबाचाच भाग आहेत. १८५१ मध्ये दक्षिण यूटात लोखंड गाळण्याचा प्रयत्न सुरू झाला आणि काही वर्षांत फसला. लास व्हेगासजवळून शिसं काढण्याच्या प्रयत्नातही हाती फार काही आलं नाही. म्हणून कथेत रायफली आणि तोफा बनवणारा कारखाना दाखवताना थांबा. कच्चा माल, कोळसा, कारागीर आणि त्यांना पोसणारं जास्तीचं धान्य, चारही गोष्टी एकाच वर्षी हातात आहेत का?

तपासणी: फाट्यापासून दहा वर्षांचा तक्ता करा. लोकसंख्या, धान्य, जनावरं, आणलेलं लोखंड. एकाही वर्षी धान्य कमी पडत नसेल, तर तुमचे आकडे फार गोड आहेत.

## टप्पा ५: माणसं कोणत्या वाटेने येतात

१८५१ च्या सुमारास यूटापेक्षा ब्रिटनमध्ये जास्त मॉर्मन होते. डेझरेटची वाढ मुख्यतः तिथल्या आणि स्कँडिनेव्हियातल्या लोकांवर चालली, आणि त्यांना आणण्यासाठी १८४९ पासून कायमचा स्थलांतर निधी होता. ही माणसं लिव्हरपूलहून बोटीने न्यू ऑर्लिन्सला, तिथून मिसिसिपी नदीने वर, मग वॅगनने मैदानं ओलांडून येत. १८५५ नंतर न्यूयॉर्कसारख्या पूर्व किनाऱ्यावरच्या बंदरांतून रेल्वेने आयोवाकडे. एकूण एक वाट अमेरिकेतून जाते.

शत्रू असलेल्या अमेरिकेने बंदर बंद केलं, तर तुमच्या देशाची लोकसंख्या कुठून वाढणार? यावर उत्तर हवंच. एक शक्यता पनामाची संयोगभूमी ओलांडून सॅन डिएगो किंवा सॅन पेद्रोला यायचं आणि तिथून वाळवंटातल्या वाटेने वर चढायचं. खऱ्या डेझरेटच्या प्रस्तावित सीमेत सॅन डिएगोचा किनारा घेतला होता, आणि १८५१ मध्ये सॅन बर्नार्डिनोला वसाहत बसवली, ती याच गरजेतून. त्या वसाहतीला १८५७ मध्ये परत बोलावलं गेलं. तुमच्या कथेत ती टिकायलाच हवी. बंदर नसलेलं डेझरेट दुसऱ्या पिढीत आटतं.

प्रवासाच्या तारखांशी खेळू नका. १८४६ मध्ये आयोवाचे सुमारे पाचशे किलोमीटर पार करायला चिखलामुळे जवळजवळ चार महिने लागले. पुढच्या वर्षी निवडक १४८ जणांच्या तुकडीने सुमारे सोळाशे किलोमीटर साडेतीन महिन्यांत ओलांडले, कारण गवत, ऋतू आणि तयारी तिन्ही जुळलं. १८५६ मध्ये विली आणि मार्टिन यांच्या हातगाड्यांच्या तुकड्या उशिरा निघाल्या, ऑक्टोबरच्या बर्फात सापडल्या आणि दोनशेहून अधिक माणसं मेली.

सावधान: तुमचा ताफा मिसुरी नदी जूननंतर ओलांडत असेल, तर वाटेतले मृत्यू लिहायची तयारी ठेवा.

## टप्पा ६: तिथे आधीपासून राहणारे लोक

‘रिकामं वाळवंट’ हे शब्द मसुद्यात दिसले, तर खोडा. खोरं शोशोनी आणि यूट यांच्या प्रदेशांच्या शिवेवर होतं, पश्चिमेला गोश्यूट, दक्षिणेला पायूट. मॉर्मन वस्ती नेमकी त्यांच्या ओढ्यांवर, मासेमारीच्या जागांवर आणि कुरणांवर बसली. फेब्रुवारी १८५० मध्ये यूटा खोऱ्यात टिंपानोगोस यूटांवर मॉर्मन सैनिकांनी हल्ला केला. १८५३ मध्ये वाकारा या यूट प्रमुखाशी लढाई पेटली. १८५२ मध्ये टेरिटरीच्या कायदेमंडळाने गुलामगिरीला कायद्याचं रूप दिलं. ११ सप्टेंबर १८५७ रोजी माउंटन मेडोजला मॉर्मन सैनिकांनी, काही पायूटांना सोबत घेऊन, कॅलिफोर्नियाला निघालेल्या सुमारे १२० स्त्री-पुरुष-मुलांची कत्तल केली.

स्वतंत्र डेझरेटमध्ये ही हिंसा आपोआप नाहीशी होत नाही. केंद्र सरकारचा वचक नसल्याने ती वाढूही शकते. छळ सोसलेल्या माणसांनी दुसऱ्यांची जमीन घेतली, हे दोन्ही एकाच पानावर यायला हवं. तह दाखवायचा असेल, तर यूटांना त्यात काय मिळालं ते ओढ्यांच्या आणि कुरणांच्या नावानिशी लिहा.

## टप्पा ७: सत्ता आणि वारस

यंग गेल्यावर कोण? खऱ्या इतिहासात ते २९ ऑगस्ट १८७७ रोजी वारले आणि नव्या अध्यक्षाची रीतसर निवड व्हायला तीन वर्षं लागली. तोवर बारा प्रेषितांचं मंडळ कारभार पाहत होतं. चर्चमध्ये हे चालून गेलं. सीमेवर शत्रू असताना तीन वर्षं बिनराष्ट्रप्रमुखाचा देश चालेल का?

फुटीचं उदाहरण शोधायला लांब जायला नको. जेम्स स्ट्रँग यांनी यंग यांचं नेतृत्व नाकारलं, मिशिगन सरोवरातल्या बीव्हर बेटावर आपला पंथ नेला, १८५० मध्ये स्वतःला राज्याभिषेक करवून घेतला, आणि १८५६ मध्ये त्यांच्याच असंतुष्ट अनुयायांच्या गोळ्यांनी त्यांचा शेवट झाला. चर्च आणि राज्य एकच असलं, की श्रद्धेतला मतभेद थेट राजद्रोह ठरतो. या ताणावर एक तरी प्रकरण लिहा.

बहुपत्नीत्वाची जाहीर घोषणा १८५२ ची. ती ज्या वर्षी होईल, त्या वर्षापासून परराष्ट्र संबंध बिघडतील. मेक्सिकोच्या १८२४ च्या घटनेत कॅथलिक हाच एकमेव धर्म होता, हेही ध्यानात ठेवा.

## टप्पा ८: मान्यता कोण देतं

जगाने मान्य केल्याशिवाय देश पुरा होत नाही. टेक्सासने १८३६ मध्ये स्वातंत्र्य पुकारलं. अमेरिकेची मान्यता १८३७ मध्ये, फ्रान्सची १८३९ मध्ये आणि ब्रिटनशी तह १८४० मध्ये. तरी कर्जाखाली दबून १८४५ मध्ये ते संघात विलीन झालं. दुसरीकडे, दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर लोकांनी आत शिरून वसाहती केल्या आणि १८५२ मध्ये ब्रिटनने ट्रान्सव्हालचं स्वातंत्र्य मानलं. दोन्ही उदाहरणं शेजारी ठेवून विचारा: डेझरेटला मान्यता देण्यात लंडनचा फायदा काय? कापूस नाही, बंदर जेमतेम. ओरेगनच्या दक्षिणेला अमेरिकेला रोखणारा देश, एवढंच आमिष आहे. तेवढं पुरतं का, हे तुमच्या फाट्यावर अवलंबून.

लढाई दाखवायचीच असेल, तर १८५७ कडून शिका. लॉट स्मिथ यांच्या मॉर्मन स्वारांनी समोरासमोर लढाई टाळली, रसदीच्या वॅगन जाळल्या, गवत पेटवलं आणि चालून आलेल्या सुमारे अडीच हजारांच्या अमेरिकी सैन्याला फोर्ट ब्रिजरजवळ हिवाळ्यात अडकवलं. पुढच्या वसंतात जवळपास तीस हजार मॉर्मन घरं सोडून दक्षिणेकडे निघाले. डेझरेटची ताकद अंतरात आणि हिवाळ्यात होती. १८६९ मध्ये रेल्वे जोडली गेल्यावर दोन्ही संपलं. तुमच्या कथेत रेल्वे कोण बांधतं आणि कुठून नेतं, ते आधीच ठरवा.

## टप्पा ९: नकाशा, झेंडा, नाणी

आता रंगवा. सीमा फक्त तिथवर ओढा, जिथवर पाट, किल्ला किंवा वस्ती पोहोचली आहे.

## टप्पा १०: निवेदक आणि शेवटची फेरी

निवेदक वरच्या वर्तुळातला घेऊ नका. पाटकरी, लिव्हरपूलहून आलेली विणकर बाई, पायूट वाटाड्या यांच्या तोंडून वरचे सगळे हिशेब सहज बोलले जातात. मराठी लेखकाला एक खरी खिडकीही आहे: १८५२ मध्ये ह्यू फिंडले हा मॉर्मन प्रचारक मुंबईत उतरला आणि पुढे पुण्याच्या छावणीत काम करू लागला. लंडन आणि वॉशिंग्टनच्या बातम्या महिनोन्‌महिने उशिरा ऐकणाऱ्या अशा माणसाच्या पत्रांतून स्वतंत्र डेझरेट सांगता येईल. मात्र हिंदुस्थानातून लोकांचे लोंढे डेझरेटला निघाले असं लिहू नका. धर्मांतर केलेले अगदी मोजके होते.

मसुदा पुरा झाला की दहा वर्षांचा तक्ता पुन्हा उघडा आणि प्रत्येक प्रकरणातली माणसं, धान्य आणि प्रवासाचे महिने त्याच्याशी ताडून पाहा. जिथे जुळत नाही, तिथे प्रकरण बदला. प्रकरण कितीही आवडतं असलं, तरी ते सोयीचं व्हावं म्हणून तक्त्यातला आकडा वाढवू नका. तक्ताच चुकला आहे असं वाटलं, तर थेट टप्पा ४ वर जा आणि पाण्यापासून पुन्हा मोजा.